पिल्लाचे कौतुक, आईचे विस्मरण : श्वानपैदाशीचा व्यापार आणि जनजागृतीची भाषा

प्रस्तावना

पाळण्यासाठी कुत्र्याचे पिल्लू विकत घेणे हा व्यवहार आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. विदर्भातील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही लॅब्रडॉर, पग, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन ही नावे मुलांच्या तोंडी रुळली आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो अशा प्रदेशात बर्फाळ मुलखातला हस्की बाळगण्याची हौसही अधूनमधून दृष्टीस पडते. या हौसेच्या मागे पिल्लांचे उत्पादन करणारा एक धंदा उभा आहे. पाश्चात्त्य देशांत त्याला 'पपी फार्म' किंवा 'पपी मिल', म्हणजे पिल्लांची शेती वा गिरणी, अशी नावे आहेत. मराठीत या धंद्याला अद्याप स्वतंत्र नाव नाही. ज्या क्रौर्याला भाषेत नाव नसते त्याविषयी जनजागृती करणे किती अवघड असते, याचा प्रत्यय या विषयाच्या अभ्यासात पदोपदी येतो.

प्रस्तुत लेखात या व्यापाराभोवती निर्माण झालेल्या निवडक संहितांची समीक्षा केली आहे. एक दूरचित्रवाणीवरील जाहिरात, एक लोकप्रिय चित्रपट, केंद्र शासनाचे नियम आणि प्राणिमित्रांचे प्रचारसाहित्य या त्या संहिता होत. या चारही ठिकाणी पिल्लू अथवा एखादा लाडका कुत्रा केंद्रस्थानी येतो, आणि ज्या मादीच्या शरीरावर हा सर्व धंदा चालतो ती एक तर दिसत नाही किंवा क्षणभर दिसून नाहीशी होते. अपवाद फक्त नियमांचा आहे, आणि तो अपवाद जनतेपर्यंत पोहोचलेला नाही.

व्यापाराचे स्वरूप

कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि गर्भधारणेनंतर सुमारे ६३ दिवसांनी विते. निसर्गाच्या या वेळापत्रकावरच पैदाशीचे गणित बसविलेले असते. प्रत्येक माज वाया न घालवता मादी भरवून घेतली, तर २ वर्षांत ४ वेत मिळतात. दोन वेतांच्या मध्ये तिच्या शरीराची झीज भरून निघत नाही, दूध सुकते, हाडे आणि दात कमकुवत होतात. जागा आणि खर्च वाचावा म्हणून तिला पिंजऱ्यात किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवले जाते. नर बाहेरून आणण्याऐवजी घरातलाच वापरला जातो. त्यामुळे बाप-लेक, भाऊ-बहीण असे संकर होतात, आणि त्यातून येणारे सांध्यांचे, हृदयाचे, डोळ्यांचे विकार पिल्लासोबत ग्राहकाच्या घरी जातात.

दुसरा भाग पिल्लाच्या वयाचा आहे. पिल्लू ३०-३५ दिवसांचे असताना सर्वांत गोजिरे दिसते, आणि त्या वयात ते विकले तर लसीचा व खाण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडत नाही. पण आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू रोगांपुढे उघडे पडते. पार्व्होसारख्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. परिणामी पिल्लू दुकानात टवटवीत दिसते आणि नव्या घरी आठवड्याभरात रक्ताची हगवण लागून मरते. घरातील मुले रडतात, विक्रेता फोन उचलत नाही किंवा दुसरे पिल्लू स्वस्तात देऊ करतो. या प्रसंगाची चर्चा 'फसवणूक' म्हणून होते. पैसे कोणाचे बुडाले याचा हिशेब लागतो. त्या पिल्लाची आई एव्हाना पुढच्या वेताला लागलेली असते, ही गोष्ट त्या हिशेबात येत नाही.

'वेत', 'बाळंतीण' आणि 'फिमेल'

येथे भाषेचा विचार आवश्यक ठरतो. 'वेत' हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. गाय कितव्या वेताची, म्हैस पहिल्या वेताची की तिसऱ्या, यावर तिचे मोल ठरते. म्हणजे वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला मादीच्या शरीराची मर्यादा समजावून सांगावी लागत नाही. ती त्याला गोठ्यातून ठाऊक असते. गल्लीतली कुत्री व्यायली की पोरांनी तिच्यासाठी पोते अंथरावे, घरोघरी फिरून पीठ, गूळ, तेल गोळा करावे आणि आयाबायांनी तिला शिरा करून घालावा, ही रीतही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती व काही ठिकाणी अजून आहे. त्या शिऱ्यामागे कोणतीही प्राणिहक्कांची चळवळ नव्हती. ती बाळंतीण आहे, एवढी एकच जाणीव त्यामागे होती.

श्वानविक्रीच्या बाजारातून हे दोन्ही शब्द हद्दपार झाले आहेत. तेथे 'लिटर', 'पेअर', 'लाइन', 'मेटिंग' आणि 'फिमेल' हे शब्द चालतात. 'फिमेल' या शब्दाच्या वापरामागे एक सामाजिक कारणही आहे. 'कुत्री' हा मराठीत शिवीचा शब्द आहे. सभ्य दिवाणखान्यात तो उच्चारायला संकोच वाटतो. 'पिल्लू' मात्र नपुंसकलिंगी, निरागस आणि लाडाचे. अशा रीतीने भाषेच्या पातळीवरच आई बाजूला सारली जाते. हा योगायोग मानला तरी व्यापाराला तो सोयीचा पडतो, हे नाकारता येत नाही.

मराठी परंपरेतील कुत्र्याच्या प्रतिमाही प्रामुख्याने इमानाभोवती फिरतात. रायगडावरील वाघ्याचे स्मारक हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या ऐतिहासिकतेचा वाद २०२५ मध्ये पुन्हा पेटला, पण त्या वादातही कुत्रा म्हणजे धन्यासाठी प्राण देणारा, ही कल्पना दोन्ही बाजूंनी गृहीतच होती. पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बंजारा आणि त्याच्या कुत्र्याची एक दंतकथा मध्य भारतात सर्वदूर सांगितली जाते : बंजारा सावकाराकडे आपला कुत्रा गहाण ठेवतो, कुत्रा सावकाराचा चोरीस गेलेला माल शोधून देतो, सावकार प्रसन्न होऊन त्याला कर्जमुक्तीची चिठ्ठी बांधून परत पाठवितो, आणि कुत्रा पळून आला असे समजून बंजारा त्याला मारून टाकतो. छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्यातील खपरी येथील कुकुरदेव मंदिराशी ही कथा जोडलेली आहे. कथा हृदयद्रावक आहे, पण कुत्र्याची किंमत त्याने माणसाला काय दिले यावरच तीही ठरविते. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या कारंजा येथे, आणि दत्तसंप्रदायाच्या प्रत्येक घरी, दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान दिसतात. परंपरा त्यांना चार वेद मानते. हा सन्मान मोठाच आहे. तथापि वेद झालेल्या श्वानाला भूक आणि प्रसूती उरत नाही, हेही खरे.

या सर्वांहून वेगळी अशी एक कथा भारतीय परंपरेत आहे, आणि ती महाभारताच्या अगदी आरंभी येते. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थळी आलेल्या एका कुत्र्याच्या पोराला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जाते. सरमा ऐकून घेते, चौकशी करते आणि थेट राजाच्या यज्ञमंडपात येऊन विचारते, की याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग याला का मारले? राजा आणि त्याचे भाऊ काहीच उत्तर देत नाहीत. तेव्हा ती शाप देते. एका कुत्रीला फिर्यादी म्हणून उभे करणारी आणि सत्तेला निरुत्तर करणारी ही कथा मराठी प्राणिदयेच्या लेखनात क्वचितच उल्लेखिली जाते. महाप्रस्थानात युधिष्ठिरामागून चालणारा श्वान मात्र सर्वांना पाठ आहे. तोही पुन्हा इमानीच!

इमानाची जाहिरात

२००३ मध्ये हच या भ्रमणध्वनी कंपनीची जी जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली, तिने या इमानाच्या प्रतिमेचे आधुनिक रूपांतर केले. ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेने केलेल्या आणि गोव्यात चित्रित झालेल्या त्या जाहिरातीत एक लहान मुलगा चालत राहतो व चीका नावाची पग कुत्री त्याच्या मागे सर्वत्र जाते. नेटवर्क तुमची पाठ सोडणार नाही, एवढाच तिचा आशय होता. संवाद जवळजवळ नाहीत, पार्श्वसंगीत हळुवार, मुलगा निरागस. कलाकृती म्हणून ती आजही उत्तम ठरते. २००७ मध्ये कंपनीचे नाव व्होडाफोन झाले तेव्हाही बदलाची वर्दी देण्यासाठी पगलाच पुढे करण्यात आले.

त्यानंतर पगची मागणी आणि किंमत दोन्ही वाढल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले. पग हे नावही अनेकांना ठाऊक नव्हते. लोक 'हचवाला कुत्रा' मागत. जाहिरातीच्या कर्त्यांनी पिल्ले विकण्यासाठी ती केली नव्हती हे उघड आहे, आणि त्यांच्यावर हेतूचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. परंतु संहितेचा परिणाम कर्त्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही. श्वानपटांच्या लोकप्रियतेवरील २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात चित्रपटामुळे विशिष्ट जातीला येणारी मागणी १० वर्षांपर्यंत टिकू शकते असे आढळले. जाहिरात तर चित्रपटाहून कितीतरी अधिक वेळा डोळ्यांसमोर येते.

पगच्या बाबतीत हे विशेष घातक ठरले. त्याचा चपटा चेहरा हा माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून घडविलेला आहे. कुत्रा धापा टाकून शरीर थंड करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेच नीट साधत नाही. मोठे डोके आणि अरुंद कंबर यांमुळे अशा जातींच्या मादीला पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच सोडवावे लागते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रा मानता येणार नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. जाहिरातीत चीका मुलामागे धावताना दिसते. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी पगला तसे धावायला लावले तर तो उष्माघाताने कोसळू शकतो.

'७७७ चार्ली' : सहानुभूतीची मर्यादा

जून २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला किरणराज के. दिग्दर्शित '७७७ चार्ली' हा कन्नड चित्रपट हिंदीसह अनेक भाषांत आला आणि महाराष्ट्रातही पाहिला गेला. सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. श्वानपैदाशीच्या क्रौर्याला भारतीय मुख्य प्रवाहातील चित्रपटात इतके स्पष्ट स्थान क्वचितच मिळाले असेल. निर्दय ब्रीडरच्या तावडीतून निसटलेली चार्ली ही लॅब्रडॉर कुत्री धर्मा नावाच्या एकलकोंड्या माणसाच्या आयुष्यात येते. तिचा कर्करोग हा जवळच्या नात्यातील संकराचे फळ आहे असे पशुवैद्य सांगतो. तिला बर्फ दाखविण्यासाठी धर्मा तिला घेऊन हिमालयाकडे निघतो. प्रेक्षागृहात रुमाल काढायला लावणारा हा चित्रपट आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

समीक्षेच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली, क्रौर्य येथे एका दुष्ट माणसात साठविले आहे. प्रत्यक्षातील धंदा बहुधा सामान्य माणसांचा असतो : कोणी जोडधंदा म्हणून मागच्या खोलीत दोन 'फिमेल' ठेवतो, कोणी दलाली करतो, कोणी गाडीत टोपलीतून पिल्लू पोहोचवितो. खलनायक दिसला की प्रेक्षक स्वतःला निर्दोष समजतो. ग्राहक म्हणून त्याची जी भूमिका आहे तिच्यावर पडदा पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शेवटी चार्ली पिल्लाला जन्म देते आणि मरते. धर्माच्या हाती तिचे पिल्लू राहते. ज्या चित्रपटाने मादीच्या शरीराची विटंबना दाखविण्याचे धाडस केले, त्यानेच अखेरीस आईच्या मृत्यूची भरपाई पिल्लाने केली. प्रेक्षक दुःखातून सावरतो तो पिल्लाकडे पाहून. बाजारही ग्राहकाला याच मार्गाने सावरतो, हे वर आलेच आहे. चित्रपट देशी कुत्र्यांना आसरा देण्याचे आवाहन करतो हे खरे, तथापि पडद्यावर तीन तास मन जिंकते ती लॅब्रडॉर.

मराठी साहित्यात या विषयाला भिडणारे लेखन जवळजवळ नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी' या विनोदी लेखात श्वानप्रेमी मालकांची हौस हास्याचा विषय झाली आहे. त्या विनोदाची धार मालकाच्या मिरवण्यावर आहे आणि ती आजही बोथट झालेली नाही. परंतु हौसेच्या पलीकडे, उत्पादनाच्या जागेपर्यंत, मराठी कथा वा ललितगद्य अद्याप गेलेले दिसत नाही.

नियमांची संहिता

भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि श्वानपैदास यांच्या नियमनाची गरज मांडली. २५ एप्रिल २०१६ रोजी व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध आले. त्यानंतर २३ मे २०१७ रोजी श्वानपैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियम अधिसूचित झाले. राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदास करता येणार नाही. १८ महिन्यांपेक्षा लहान मादी भरवू नये, ८ वर्षांनंतर भरवू नये. लागोपाठच्या दोन माजांत वेत घेऊ नये. आयुष्यात ५ पेक्षा अधिक वेत घेऊ नयेत. जवळच्या रक्तनात्यात संकर करू नये. ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये. ही कलमे वाचताना एक गोष्ट जाणवते. जाहिरात, चित्रपट आणि प्रचारपत्रके यांना जी आई दिसली नाही, ती या रूक्ष प्रशासकीय मजकुराला दिसली आहे. तिचे वय, तिचा माज, तिचे वेत, तिची विश्रांती यांचा हिशेब तेथे मांडलेला आहे.

दुर्दैवाने त्या हिशेबामागे बळ नाही. मूळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमातील कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. एका पिल्लाची किंमत हजारांत असताना ही रक्कम धंद्याच्या किरकोळ खर्चातही मोजली जाणार नाही. दंडवाढीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये जनतेसमोर ठेवला, पण त्याचा कायदा झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागराज प्रकरणात ७ मे २०१४ रोजी प्राण्यांच्या प्रतिष्ठेला मान्यता दिली. त्या उदात्त निकालाच्या आणि ५० रुपयांच्या मध्ये ती मादी पिंजऱ्यात उभी आहे. शिवाय सामान्य ग्राहक केनेल क्लबच्या कागदालाच सरकारी परवाना समजतो. 'पेपरवाले' पिल्लू म्हणजे वंशावळीची नोंद असलेले पिल्लू. त्या कागदाचा आणि ब्रीडरच्या कायदेशीर नोंदणीचा काहीएक संबंध नाही. हा गैरसमज दूर करण्याइतपतही प्रचार झालेला नाही.

जनजागृतीची भाषा

प्राणिमित्र संस्थांचे सर्वांत गाजलेले घोषवाक्य 'अ‍ॅडॉप्ट, डोन्ट शॉप' हे आहे. ते इंग्रजीतच राहिले. 'विकत नको, दत्तक घ्या' असा त्याचा मराठी अनुवाद केला जातो खरा. पण दत्तकविधान हा शब्द मराठी कुटुंबात वंश, वारसा आणि शेतजमिनीशी जोडलेला असल्याने कुत्र्याच्या बाबतीत तो विनोदी वाटतो. शिवाय या घोषवाक्यात केवळ ग्राहकाने काय करावे ते सांगितले आहे. का करावे, हे त्यात नाही. वाशीम वा मंगरूळपीरच्या घरातील माणसाला गल्लीतले पिल्लू आणून वाढविण्यात नवे असे काही नाही. त्याला नवे आहे ते हे, की शहरातून आणलेल्या पिल्लामागे एक थकलेली बाळंतीण असते.

या संदर्भात इंग्लंडमधील अनुभव उद्बोधक आहे. २०१३ मध्ये वेल्समधील एका पैदास केंद्रातून कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची एक कुत्री सोडविण्यात आली. वर्षानुवर्षे वेत काढून तिचे शरीर मोडले होते. तिचे नाव लूसी. ती २०१६ मध्ये मरण पावली. मार्क अब्राहम या पशुवैद्याने चालविलेल्या मोहिमेने तिचेच नाव घेतले आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये 'लूसीचा कायदा' लागू झाला. सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू दलालामार्फत विकण्यास बंदी आली. पैदास करणाऱ्याने ते जन्मस्थळी, आईजवळ दाखविले पाहिजे असे ठरले. त्या मोहिमेने छायाचित्रात पिल्लाऐवजी थकलेली मादी ठेवली, हे तिचे वैशिष्ट्य. तेथेही पळवाटा निघाल्या, दुसरीच कुत्री आई म्हणून पुढे करण्याचे प्रकार घडले. परंतु खोटी आई उभी करावी लागली, याचा अर्थ ग्राहक आईविषयी विचारू लागला होता.

महाविद्यालयांचा या विषयाशी संबंध आहे तो येथे. पर्यावरणशास्त्राचा अनिवार्य अभ्यासक्रम जैवविविधता आणि वन्यजीव यांवर भर देतो. वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट दाखविता येतो, त्याला मिळालेले कायदेशीर संरक्षण शिकविता येते. घरातला कुत्रा मात्र वन्यजीवांत मोडत नाही, आणि पशुसंवर्धनाच्या पाठात गाय, शेळी व कोंबडी यांच्यापुढे त्याचा क्रम लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झाला, त्यावर वक्तृत्व स्पर्धाही झाल्या असतील. रस्त्यावरचा कुत्रा ही समस्या आणि पिंजऱ्यातला कुत्रा ही वस्तू, अशी विभागणी त्या चर्चेत सहज रूढ झाली. वेत देऊन निकामी झालेली मादी पोसण्याचा खर्च टाळण्यासाठी रस्त्यावर सोडली जाते आणि त्या क्षणी ती वस्तूची समस्या होते, हा दुवा चर्चेत आला नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत भित्तिपत्रके रंगविली जातात. त्यांवर गोजिरवाणे पिल्लू काढून 'मुक्या प्राण्यांवर प्रेम करा' असे लिहिण्याची प्रथा आहे. विक्रेत्याच्या जाहिरातीवरही तेच पिल्लू असते, आणि प्रेमाचे आवाहनही तेच असते. त्याऐवजी २०१७ च्या नियमांतील चार कलमे सोप्या मराठीत, 'माज' आणि 'वेत' या शब्दांत, गावच्या फलकावर लिहिणे शक्य आहे. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे. मजकूर तपासून घेण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असावी असे २००१ चे नियम सांगतात. पिल्लू आणायला निघालेल्या कुटुंबाने विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : नोंदणी क्रमांक काय, पिल्लू किती आठवड्यांचे, आणि याची आई कुठे आहे, तिचे हे कितवे वेत? म्हैस घेताना शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय या जिल्ह्यात कोणी दावे हाती घेत नाही.